चक्रव्यूहाची एकच वाट

देवदर्शनास आलेला भाविक गाभाऱ्यासमोर हात जोडून लगेच माघारी फिरत नाही. तो देवतेभोवती प्रदक्षिणा घालतो. रहिमतपूर व आसपासच्या गावांतील देवळांमध्ये ही रीत लहान मुलांनाही ठाऊक असते. देवीच्या वा विष्णूच्या मंदिरात देवता उजव्या हातास ठेवून पूर्ण फेरी घातली जाते. शिवालयात मात्र अभिषेकाचे तीर्थ वाहून नेणारी पन्हळ, म्हणजेच सोमसूत्र, ओलांडावयाचे नसते. भाविक नंदीपासून निघून तेथवर जातो, आल्या वाटेने मागे वळतो, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत येतो आणि परत नंदीपाशी पोहोचतो. एकाच प्रदक्षिणेत चालण्याची दिशा दोनदा बदलते. नवख्या माणसास ही रीत समजावून सांगावी लागते. परंतु एकदा पायांना सवय झाली की त्यात अवघड असे काही उरत नाही.

केंद्राकडे सरळ न जाता वळत, माघारी फिरत चालण्याची अशीच एक फार प्राचीन आकृती जगाच्या अनेक भागांत आढळते. भारतात तिला चक्रव्यूह म्हणतात. युरोपात तिचे नाव लॅबिरिंथ. ती कोठे खडकावर कोरलेली आहे, कोठे माळावर दगड मांडून केलेली आहे, तर कोठे देवालयाच्या फरशीत बसवलेली आहे. महाराष्ट्राच्या माळरानावर व गोव्याच्या नदीकाठी तिची महत्त्वाची उदाहरणे असून त्यांपैकी एक अगदी अलीकडे उजेडात आले आहे. पंढरपूर, सोलापूर वा गोमंतकाकडे पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंना या स्थळांची माहिती असावी, या हेतूने हे विवेचन केले आहे.

नावातील कोडे

चक्रव्यूह हा शब्द उच्चारताच प्रत्येक मराठी मनुष्यास अभिमन्यूचे स्मरण होते. भारतीय युद्धाच्या तेराव्या दिवशी द्रोणाचार्यांनी हा व्यूह रचला. संशप्तकांनी अर्जुनास रणभूमीच्या दुसऱ्या टोकास गुंतवून ठेवले होते. युधिष्ठिराने तेव्हा कोवळ्या अभिमन्यूवर भार टाकला. अभिमन्यू आत शिरला; त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने व्यूहाच्या मुखाशी रोखून धरले, आणि एकाकी पडलेला तो वीर आतच धारातीर्थी पडला. तेव्हापासून ज्यातून सुटका नाही अशा संकटास चक्रव्यूह म्हणण्याची पद्धत पडली.

परंतु चक्रव्यूहाची म्हणून जी आकृती आपल्याकडे काढली जाते, ती नीट पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्या आकृतीत वाट चुकणे अशक्य आहे. तिच्यात फाटे नाहीत, आडवळणे नाहीत, बंद गल्ल्या नाहीत. दारातून आत शिरणाऱ्यास एकच वाट मिळते. ती कितीही वळली तरी त्यास केंद्रापर्यंत नेते, आणि तीच वाट त्यास दाराशी परत आणून सोडते. लखनौच्या बडा इमामबाड्यातील भूलभुलैया हा याहून अगदी निराळा प्रकार होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवाब आसफउद्दौला याने बांधविलेल्या त्या वास्तूत पावलोपावली दोन-दोन दारे समोर येतात व वाटाड्यावाचून माणूस गोंधळतो. भूलभुलैयात निवड करावी लागते. चक्रव्यूहात फक्त चालावे लागते.

मग ज्या आकृतीतून बाहेर पडणे इतके सोपे, तिला न सुटणाऱ्या सापळ्याचे नाव कसे मिळाले? हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाची ग्रीक कथाही अशीच आहे. तेथील राजा मिनोस याने अर्धा मनुष्य व अर्धा बैल असा एक राक्षस ज्या वास्तूत कोंडला होता, तिच्यातून कोणीही परत येत नसे. थीसियस नावाचा वीर राजकन्येने दिलेल्या सुताच्या आधाराने आत गेला व राक्षसास मारून त्याच सुताने बाहेर आला. कथा ऐकता शेकडो फाटे असलेली वास्तू डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु क्रीटमधील क्नॉसस या नगराने इसवी सनापूर्वीच्या शतकांत पाडलेली नाणी पाहावीत, तर त्यांवरील आकृतीत फाटा एकही नाही. त्या वाटेवर सुताची गरजच पडत नाही! दोन दूरच्या समाजांनी एकच आकृती जपली आणि दोघांनीही तिच्याभोवती तिला न जुळणारी कथा गुंफली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आकृती काढण्याची व चालण्याची रीत

कागदावर वाचून हा मुद्दा पुरता उमगत नाही. अंगणात, ओल्या वाळूत वा पाटीवर आकृती स्वतः काढून पाहावी. रांगोळीचे ठिपके जोडण्याची सवय असलेल्या गृहिणींना तर ती चटकन जमते.

प्रथम मोठे अधिक चिन्ह काढावे. त्यामुळे झालेल्या चार कोपऱ्यांत चार काटकोन काढावेत. प्रत्येक काटकोनाचा कोपरा अधिकाच्या मध्याकडे असावा आणि त्याचे दोन हात बाहेरच्या दिशेस असावेत. त्यानंतर चारही काटकोनांच्या बाहेर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, एकेक ठिपका द्यावा. आता अधिकाचे वरचे टोक आणि त्याच्या उजवीकडचे पहिले टोक छोट्या कमानीने जोडावे. मग अधिकाच्या डावीकडचे पहिले टोक व उजवीकडचा ठिपका त्या कमानीवरून दुसरी कमान काढून जोडावेत. असेच डावीकडचे पुढचे टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाशी, ठिपक्यालाही टोकच मानून, क्रमाने जोडीत गेले की आठ कमानींत आकृती पूर्ण होते. शेवटची कमान सर्वांना वेढून अधिकाच्या खालच्या टोकास मिळते. त्या टोकाच्या डावीकडे जी फट उरते, तेच चक्रव्यूहाचे दार.

ही सात फेऱ्यांची आकृती होय. तिच्यावर बोट फिरवले असता वाटेचा क्रम मोठा मनोरंजक दिसतो. बाहेरून मोजता वाट प्रथम तिसऱ्या फेरीत शिरते. तेथून दुसरीत, मग अगदी बाहेरच्या पहिलीत जाते. म्हणजे आरंभीच चालणारा केंद्रापासून दूर फेकला जातो. त्यानंतर चौथी, आणि तेथून एकदम सातवी! सातवी फेरी केंद्राला लागून आहे. हात लांबवला तर मध्यबिंदू सापडावा इतकी ती जवळ आहे. तरीही वाट तेथून आत वळत नाही. ती पुन्हा सहाव्या व पाचव्या फेरीत बाहेर नेते आणि मगच केंद्रात सोडते. प्रत्येक फेरीस दिशा उलटते. कधी प्रदक्षिणेची, कधी तिच्या विरुद्ध. म्हणून चक्रव्यूह चालणे म्हणजे प्रदक्षिणाच, असे जे कधी कधी सांगितले जाते ते बरोबर नाही. साम्य शोधावयाचेच तर ते सोमसूत्री प्रदक्षिणेतील माघारी वळण्याशी आहे.

त्याहून जवळचा अनुभव वारकऱ्यांच्या परिचयाचा आहे. मोठ्या क्षेत्राच्या दर्शनबारीत कठड्यांमधून रांग वळत असते. समोर दाराची चौकट दिसते आणि त्याच क्षणी रांग मागे वळून पार टोकास जाते. पुढचा मनुष्य शेजारून उलट दिशेस जाताना दिसतो. तेथे कोणी हरवत नाही. हरवतो तो धीर.

अंगणात वा बागेत चालण्याजोगा चक्रव्यूह आखावयाचा असल्यास एक हिशेब लक्षात ठेवावा. वाट जितकी रुंद, तिच्या सुमारे पंधरापट जागेची रुंदी लागते. दोन फुटांच्या वाटेस साधारण ३० फूट जागा हवी.

बाळंतिणीचा चक्रव्यूह

नावाच्या कोड्याकडे पुन्हा वळू. अभिमन्यूने मातेच्या उदरात असताना चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, आणि पुढचा भाग सांगण्यापूर्वी सुभद्रेस झोप लागली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील द्रोणपर्व पाहता तेथे अभिमन्यू स्वतः एवढेच सांगतो की, व्यूह भेदण्याची रीत पित्याने शिकविली. संकट आल्यास बाहेर पडण्याची मात्र ठाऊक नाही. गर्भातील श्रवणाची कथा ही लोकपरंपरेने घातलेली भर आहे. परंतु ती भर निरर्थक नाही. तिने चक्रव्यूह आणि गर्भाशय यांची सांगड घातली.

भारताच्या अनेक भागांत अडलेल्या बाळंतिणीस चक्रव्यूहाची आकृती दाखविण्याची प्रथा होती. काशाच्या थाळीत केशराने आकृती काढीत. बाळंतीण तिच्यावरून नजर वा बोट फिरवी, आणि पुढे ती आकृती पाण्याने धुऊन ते पाणी तिला पाजीत. प्रसूतीच्या वेदनांनी घाबरलेल्या स्त्रीस या आकृतीचा आधार का वाटावा, हे ती एकदा बोटाने चालून पाहिली की समजते. वाट लांबली, उलटी फिरली, अगदी दाराशी येऊन पुन्हा मागे गेली, तरी ती थांबलेली नसते. आतील जीवास बाहेर येण्याची वाट आहे आणि ती एकच आहे, हेच त्या थाळीत काढलेले असे. युद्धभूमीवर ज्याची सुटका झाली नाही त्याचे नाव, आणि सुटकेची आकृती, अशा दोन्ही गोष्टी सुईणीने एका थाळीत आणल्या. पंडितांच्या ग्रंथांपेक्षा सुईणींच्या या उपयोगाने आकृती अधिक जपली असावी. (आज अर्थातच प्रसूतीसाठी वेळेवर रुग्णालय गाठणे हाच मार्ग होय, येथे केवळ जुन्या रीतीची माहिती दिली आहे.)

युद्धकथेचे चित्र म्हणूनही ही आकृती मंदिरांत अवतरली. कर्नाटकातील हळेबीड येथील बाराव्या शतकातील होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर महाभारतातील प्रसंगांच्या शिल्पपट्टात चक्रव्यूह वळत्या वाटांच्या रूपात कोरलेला आहे. २०२३ साली होयसळ मंदिरांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला, त्यात हे मंदिर आहे. त्याही पूर्वी, अकराव्या शतकात, भारताविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेरूनीने अशीच एक आकृती आपल्या ग्रंथात दिली; मात्र ती त्याने रावणाच्या लंकेतील दुर्गाची म्हणून नोंदविली. म्हणजे त्या काळी आकृती एक असली तरी तिच्याशी निगडित कथा एकच नव्हती. कोणी तीत कुरुक्षेत्र पाहिले, कोणी लंका.

बोरामणीचा माळ

पंढरपूरहून सोलापूर गाठणाऱ्या यात्रेकरूस पुढे हैदराबादच्या रस्त्यावर बोरामणी हे गाव लागते. तेथील गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी व लांडग्यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. या वन्यजीवांच्या निरीक्षणासाठी फिरणाऱ्या निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांच्या दृष्टीस तेथील जमिनीवर लहान दगडांच्या गोलाकार रांगा पडल्या. त्यांनी पुरातत्त्व अभ्यासकांना कळविले आणि पाहणीअंती तो चक्रव्यूह असल्याचे स्पष्ट झाले. २०२५ च्या अखेरीस ही माहिती वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आली.

हा चक्रव्यूह सुमारे ५० फूट लांबी-रुंदीचा असून त्यास १५ फेऱ्या आहेत. वर्तुळाकार चक्रव्यूहांमध्ये भारतात याहून मोठा नोंदलेला नाही. यापूर्वी नोंदल्या गेलेल्या अशा आकृतींत जास्तीत जास्त ११ फेऱ्या होत्या. तामिळनाडूतील गेडिमेडू येथील चक्रव्यूह ५६ फुटांचा, म्हणजे आकाराने मोठा आहे. परंतु तो चौकोनी आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतही लहान दगडी चक्रव्यूह आढळले असून अभ्यासक त्यांची नोंद करीत आले आहेत. त्यामुळे बोरामणीचा चक्रव्यूह हा एकाकी चमत्कार नसून कृष्णा-भीमेच्या टापूतील एका परंपरेचा भाग ठरतो.

त्याच्या काळाविषयी अभ्यासकांनी मांडलेला तर्क असा : तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन काळातील असावा, आणि त्याचा संबंध रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराशी असावा. या तर्कास पोषक गोष्टी आहेत. तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे बाजारपेठेचे नगर ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले आहे. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीवर पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली. समुद्रकिनाऱ्यापासून घाट चढून आत येणाऱ्या मालाबरोबर क्रीटच्या नाण्यांवरील आकृतीही आली असेल, हे अशक्य नाही. तथापि दगडांची नुसती मांडणी आपला काळ स्वतः सांगत नाही. आसपास उत्खनन होऊन काही हाती लागेपर्यंत या मतास तर्क म्हणणेच योग्य. शिवाय ही आकृती शिकण्यास राजाज्ञा लागत नाही की ग्रंथ लागत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी, बैल सोडल्यावर, एका व्यापाऱ्याने दुसऱ्यास वाळूत काढून दाखविली तरी ती शंभर कोस पुढे जाते. तिचा प्रसार सिद्ध करणे म्हणूनच कठीण आहे.

कुशावतीच्या काठी

गोव्यात सांगे तालुक्यातील रिवण गावाजवळ उसगाळीमळ येथे कुशावती नदी एक वळण घेते. त्या वळणावर जांभ्या खडकाचा मोठा सपाट पट्टा नदीपात्रालगत उघडा पडलेला आहे. १९९३ मध्ये गावकऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून पुरातत्त्वज्ञ येथे पोहोचले. गाळ दूर केल्यावर खडकावर बैल, हरणे, मोर, मानवी आकृती अशी शंभरांहून अधिक शिल्पे दिसू लागली. त्यांतच एक गोल चक्रव्यूह आहे. गुराख्यांना व शेतकऱ्यांना ही शिल्पे त्यापूर्वीही ठाऊक होती. शोध लागला तो अभ्यासकांना.

हे स्थळ पणसायमळ या नावानेही ओळखले जाते. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, तेव्हा कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी व कुडोपी या महाराष्ट्रातील आठ स्थळांबरोबर गोव्यातील हे एक स्थळ घेण्यात आले. येथील प्राण्यांची शिल्पे अश्मयुगीन मानली जातात. चक्रव्यूहाविषयी मात्र मतभेद आहेत. तो त्याच काळचा की नंतर कोणी कोरला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्राणी कोरणाऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले ते कोरले. चक्रव्यूह कोठे पाहावयास मिळत नाही; तो मनात रचावा लागतो. एकाच खडकावर या दोन्ही गोष्टी शेजारी असणे, हेच त्या जागेचे वैशिष्ट्य.

सातासमुद्रापार

ग्रीसमधील पायलॉस येथील राजवाडा इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मध्ये आगीत जळाला. त्या आगीत भाजून पक्की झालेली मातीची एक पाटी सापडली आहे. तिच्या एका बाजूस कोणी किती शेळ्या द्यावयाच्या याची नोंद आहे, आणि दुसऱ्या बाजूस कारकुनाने चक्रव्यूह काढलेला आहे. ज्याचा काळ खात्रीने सांगता येतो असा हा सर्वांत जुना चक्रव्यूह. कामाच्या कंटाळ्यातून काढलेले चित्र तीन हजार वर्षे टिकावे, हे त्या कारकुनाच्या स्वप्नातही आले नसेल.

युरोपच्या उत्तरेस, स्वीडन व फिनलंडच्या किनाऱ्यांवर आणि रशियाच्या सोलोवेत्स्की बेटांवर, दगड मांडून केलेले शेकडो चक्रव्यूह आहेत. बोरामणीच्या रचनेशी त्यांचे साम्य पाहताक्षणी जाणवते. समुद्रावर जाण्यापूर्वी कोळी लोक त्यांतून चालत. वाईट वारे वा दुष्ट शक्ती मागोमाग आत येत व केंद्रात अडकून पडत, मग कोळी झटकन बाहेर पळून होडी हाकारीत, अशी तेथील लोकसमजूत आहे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात टोहोनो ओओधम हे आदिवासी लोक टोपल्यांत हीच आकृती विणतात. तिच्या दारात एक मनुष्य उभा असतो.

ख्रिस्ती मंदिरांपैकी फ्रान्समधील शार्त्र येथील चक्रव्यूह सर्वांत प्रसिद्ध आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी फरशीत बसविलेल्या त्या आकृतीचा व्यास सुमारे १३ मीटर आहे. तिच्या ११ फेऱ्यांतील वाट मोजली तर २६० मीटरांच्या आसपास भरते. म्हणजे तेरा मीटरांच्या वर्तुळात पाव किलोमीटर चालणे होते. तिला पुढे येरुशलेमची वाट असे नाव पडले. त्याच देशातील रीम्स येथील मोठ्या मंदिरातही असा चक्रव्यूह होता. परंतु मुले त्यावरून धावत खेळत व उपासनेत व्यत्यय येई, म्हणून अठराव्या शतकात तो उखडून टाकण्यात आला. आज त्याची केवळ चित्रे उरली आहेत.

गेल्या शतकाच्या अखेरीस ही जुनी रीत पुन्हा सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथेड्रलमधील धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस यांनी १९९० च्या दशकात शार्त्रच्या नमुन्यावर चालण्याची वाट तयार करविली. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत उद्याने, रुग्णालये, शाळा यांच्या आवारांत असे मार्ग झाले. २००९ पासून मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता ठिकठिकाणचे लोक आपापल्या गावी चक्रव्यूह चालतात. आजाऱ्याच्या नातेवाइकांना शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून राहण्यापेक्षा अशा वाटेवर चालणे बरे वाटते, हे समजण्यास विशेष अभ्यासाची गरज नाही. आपल्याकडे अशा वेळी माणसे देवळाभोवती फेऱ्या घालतातच.

दगड उचलू नयेत

रीम्सचा चक्रव्यूह पक्क्या फरशीचा होता; तरी तो एका निर्णयाने गेला. माळावरच्या चक्रव्यूहास तर निर्णयाचीही गरज नाही. त्याचे दगड मुठीत मावतील एवढे, जमिनीत दोन बोटे रुतलेले असतात. ट्रॅक्टरचा एक फाळ, मुरमासाठी आलेला एक डंपर, चूल मांडण्यासाठी उचललेले चार दगड, इतके पुरे होते. आणि चार दगड हलले की वाट तुटते. मूर्तीचा हात भंगला तरी मूर्ती ओळखू येते. चक्रव्यूहाच्या भिंतीस एके ठिकाणी भगदाड पडले, तर एकमार्गी आकृतीस फाटा फुटतो आणि मूळची वाट कोणती हे सांगणारे कोणी उरत नाही.

दुसरा धोका श्रद्धेतून येतो. सातारा-सांगलीच्या खेड्यांत जुने वीरगळ व सतीशिळा मूळ जागेवरून उचलून देवळाच्या आवारात आणल्या जातात, सिमेंटात रोवल्या जातात आणि त्यांवर ऑइलपेंट चढतो. हेतू वाईट नसतो. पण शिळेवरील बारीक कोरीव काम कायमचे बुजते. वीरगळ निदान दुसऱ्या जागी नेता तरी येतो. चक्रव्यूह नेता येत नाही, कारण तो दगडांत नसून त्यांच्यामधील मोकळ्या जागेत असतो. म्हणून माळावर, टेकडीच्या माथ्यावर वा जुन्या वाटेलगत दगडांच्या एकात एक गोल रांगा दिसल्यास भाविकांनी दगड हलवू नयेत, उभे करू नयेत, शेंदूर वा चुना लावू नये. छायाचित्र घ्यावे, गावाचे व शिवाराचे नाव टिपावे आणि ग्रामपंचायतीस, तहसील कार्यालयास वा राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. गुरे राखणाऱ्या वृद्धांस त्या जागेचे नाव विचारून तेही लिहून घ्यावे. बोरामणीची नोंद झाली ती पक्षी पाहावयास गेलेल्या माणसांनी खाली पाहिले म्हणून.

ज्या सद्भक्तांना आपल्या गावी चालण्याचा मार्ग करून देण्याची इच्छा आहे, त्यांनी तो नव्या दगडांत, नव्या जागी आखावा. वर दिलेल्या रीतीने दोरी व चुन्याच्या साहाय्याने सात फेऱ्यांची वाट आखता येते.

प्रत्यक्ष पाहावयास जाणाऱ्यांनी बोरामणीच्या माळावर जाण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी; हा वन्यजीवांचा अधिवास आहे व पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात तेथे वर्दळ होणे योग्य नाही. दगडांमधून चालण्याचा मोह टाळून कडेने पाहावे. सकाळी लवकर वा सूर्य कलल्यावर गेल्यास तिरप्या उन्हात दगडांच्या सावल्या पडून फेऱ्या स्पष्ट दिसतात. भर दुपारी समोर उभे राहूनही त्या नजरेस येत नाहीत. उसगाळीमळ येथे पावसाळा संपून नदीचे पाणी ओसरल्यावर जावे. खडकावरील रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू वा माती भरण्याची सवय काही प्रवाशांना असते. तसे करू नये. तेथे पादत्राणे काठावर काढून ठेवावीत, आणि चक्रव्यूहाची वाट पायांनी न चालता डोळ्यांनी चालावी.